नवरोजचा दस्तरखान आणि इराण्याचा चहा

आमच्या वर्गाच्या भिंतीवर दोन कॅलेंडरे असतात. एक मराठी, ते एका विद्यार्थ्याच्या वडिलांच्या दुकानातून फुकट येते. दुसरे उर्दू, ते आम्ही दरवर्षी भेंडीबाजारातून पदरचे पैसे देऊन आणतो. २०२६ सालची कॅलेंडरे लावली त्या दिवशी सातवीच्या मुलांनी पहिले काम केले ते मार्चचे पान उलटून पाहण्याचे. मुलांना सुट्टीचा वास लवकर लागतो. १९ मार्च, गुरुवार, गुढीपाडवा. २० मार्च, जुम्मा, उर्दू कॅलेंडरात बारीक अक्षरांत ‘नवरोज’. आणि चांद दिसेल त्याप्रमाणे २० किंवा २१ ला ईदुल फित्र. त्यापुढे रविवार.

“सर, चार दिवस नुसती खाण्याची चंगळ!” एक जण म्हणाला. मागच्या बाकावरच्या मुलाने मात्र वेगळेच विचारले, “सर, पाडवा हिंदूंचा, ईद आपली. मग हा नवरोज कुणाचा?”

आम्ही इतिहासाचे मास्टर. बी.एड.ला आम्हाला शिकवले होते की, विद्यार्थ्याचा प्रश्न कधी परतवू नये. पण त्या दिवशी आम्ही तो परतवला. “उद्या सांगतो,” म्हणालो. संध्याकाळी मोहल्ल्यातल्या हाफिजसाहेबांना विचारले तर ते म्हणाले, “मास्टर, वो मजूसियों का त्योहार है. अपना उससे क्या लेना-देना?” अब्बांना विचारले तर ते हसले आणि म्हणाले, “नवरोज? इराण्याकडे त्या दिवशी चहाबरोबर मिठाई फुकट मिळायची. एवढेच मला ठाऊक.”

दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर होती. परंतु आमचे समाधान झाले नाही. म्हणून पुढचे काही रविवार आम्ही या एका दिवसामागे घालवले. त्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवत आहोत. बरेचसे खाण्यापिण्याचेच आहे. आमच्या मते माणसाच्या इतिहासाचा खरा दफ्तरखाना त्याच्या स्वयंपाकघरातच असतो.

आधी हिशोबाची गोष्ट. नवरोज म्हणजे नवा दिवस. सूर्य मेष राशीत प्रवेश करतो, दिवस आणि रात्र सारखी होते, तो क्षण. इराणात या क्षणाला ‘तहवील’ म्हणतात. २०२६ साली ही घटका भारतीय वेळेप्रमाणे २० मार्चच्या रात्री सव्वाआठच्या सुमाराची. म्हणजे मगरिब उरकून दस्तरखान पसरण्याची वेळ. ती एक तर चांदरात, नाही तर ईदचीच रात्र. आपला हिजरी महिना चंद्रावर चालतो, त्यामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते आणि साधारण ३२-३३ वर्षांनी नवरोजला येऊन भेटते.

अशीच एक भेट १६३५ च्या मार्चमध्ये झाली होती. बादशहा शाहजहान काश्मीरहून परतला होता. सात वर्षे घडत असलेले तख्ते ताऊस, म्हणजे मयूरसिंहासन, तयार झाले होते. त्यावर पहिल्यांदा कधी बसायचे, हे ज्योतिष्यांना विचारले गेले. रमजान ईद आणि नवरोज एकाच वेळी आले होते. यापेक्षा मोठा मुहूर्त कोणता? नवरोजच्या तिसऱ्या दिवशी, २२ मार्च १६३५ रोजी, बादशहा त्या तख्तावर बसला. तेव्हापासून २०२६ पर्यंत सूर्याची वर्षे ३९१ झाली आणि चंद्राची ४०३. बाराचा फरक. म्हणजे १६३५ नंतर ईद साऱ्या ऋतूंतून बारा वेळा फिरून पुन्हा त्याच जागी आली. हे गणित आम्ही फळ्यावर करून दाखवले तेव्हा मुलांपेक्षा आम्हालाच अधिक आनंद झाला, हे कबूल करतो.

मोगल दरबारात नवरोज रुजवला तो अकबराने. १५८४ साली त्याने इलाही सन सुरू केला. तो सूर्यावर चालणारा होता आणि त्याचा पहिला दिवस नवरोज. जश्न एकोणीस दिवस चाले. जहांगीर तर आपल्या आत्मचरित्रात प्रत्येक राज्यवर्षाची सुरुवातच नवरोजच्या वर्णनाने करतो. शाही मुदपाकखान्यात काय शिजत होते, याची नोंद अबुल फजलने ‘आईने अकबरी’त मापासकट करून ठेवली आहे. त्यातल्या ‘जर्द बिरिंज’चे माप पाहा: दहा शेर तांदूळ, पाच शेर खडीसाखर, साडेतीन शेर तूप आणि बेदाणे, बदाम, पिस्ते प्रत्येकी अर्धा शेर, शिवाय केशर, आले, दालचिनी. हा आपला जर्दाच. खिचडीचे माप अगदी सोपे: तांदूळ पाच शेर, डाळ पाच शेर आणि तूपही पाच शेर! आमच्या दादी हे ऐकायला असत्या तर म्हणाल्या असत्या, बादशहाची खिचडी, गरिबाच्या घरी एवढ्या तुपात वर्ष निघते.

औरंगजेबाने गादीवर आल्यावर नवरोजचा जश्न बंद केला. हा अग्निपूजकांचा सण आहे, असे त्याचे म्हणणे. त्याऐवजी त्याने रमजानात सुरू होऊन ईदला जोडून येणारा जश्न ठेवला. पुढे आपल्या एका शहजाद्याने नवरोज साजरा केल्याचे कळल्यावर त्याला पत्रातून समजही दिली. म्हणजे हाफिजसाहेबांचे मत काही नवे नाही. त्याला साडेतीनशे वर्षांची परंपरा आहे. गंमत अशी की, त्याच औरंगजेबाच्या पत्रांत मुलाकडे खाल्लेल्या खिचडीची आणि बिर्याणीची आठवण येते आणि ती शिजवणारा खानसामा आपल्याकडे पाठवावा, अशी इच्छाही येते. सण बंद झाला. तो सण घेऊन आलेल्या लोकांची बिर्याणी मात्र बंद झाली नाही.

एक गोष्ट हाफिजसाहेबांना आम्ही अदबीने सांगितली. नवरोज मुस्लिम राज्यकर्त्यांनी ठेवला तो काही अग्निपूजेसाठी नव्हे. पीक सूर्यावर येते, चंद्रावर नाही. चांद्र वर्षाने शेतसारा मागितला तर काही वर्षांनी शेतकऱ्याचे पीक उभे असतानाच सरकारचा माणूस दारात येणार. बगदादच्या अब्बासी खलिफांपुढे हाच प्रश्न उभा राहिला. खलिफा मोतजिदने ८९५ साली सारा वसुलीचा नवरोज पुढे सरकवून ११ जूनला आणला, तो शेतकऱ्याला कापणीपर्यंत सवड मिळावी म्हणून. पुढे सेल्जुक सुलतान मलिकशाहच्या काळात, १०७९ साली, जलाली कॅलेंडर तयार झाले. ते बसवणाऱ्यांत उमर खय्याम होता. आपण त्याला रुबायांमुळे ओळखतो, पण तो मुळात गणिती. आपल्याकडचा फसली सन याच गरजेतून आला. पेशवे दफ्तरातल्या कागदांवर जो शुहूर सन दिसतो, त्याची महिन्यांची नावे मोहरम, सफर अशी, पण वर्ष सुरू होते मृगात सूर्य गेल्यावर. अरबी नाव, मराठी पाऊस. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने मृगाला अरबी सन सुरू केला आणि त्याचा धर्म बुडाला नाही.

हाफिजसाहेब यावर काही बोलले नाहीत. त्यांनी आम्हाला खजूर दिला.

आता दस्तरखानाकडे वळू. इराणी घरात नवरोजला ‘हफ्त सीन’ मांडतात. सीन या अक्षराने सुरू होणाऱ्या सात वस्तू: सेब म्हणजे सफरचंद, सीर म्हणजे लसूण, सिरका, सुमाक नावाची आंबट भुकटी, सेंजद हे सुके फळ, सब्जा म्हणजे ताटलीत उगवलेले गव्हाचे किंवा मसुराचे हिरवे अंकुर, आणि समनू. शिवाय आरसा, नाणी, रंगवलेली अंडी, जवळ कुराण शरीफ किंवा हाफिजचा दीवान. ताटलीतले अंकुर पाहून आमच्या शेजारच्या मावशींना नवरात्रातल्या घटाची आठवण झाली. रुजवणाची कल्पना तीच.

यातला समनू हा पदार्थ आम्हाला सर्वांत आवडला. गहू भिजवून मोड आणतात, वाटून त्याचे दूध काढतात आणि पीठ घालून रात्रभर आटवतात. घरातल्या, शेजारच्या बायका पाळीपाळीने ढवळत बसतात. साखरेचा एक कणही नसतो, मोडाचाच गोडवा उतरतो. कुरडईसाठी गव्हाचा चीक काढणाऱ्या मराठी घराला हे काम सांगावे लागणार नाही. फरक इतकाच की, आपण गहू नुसता भिजवतो, ते मोड आणतात.

नवरोजच्या रात्रीचे मुख्य जेवण ‘सब्जी पोलो बा माही’. म्हणजे हिरव्या भाज्यांचा पुलाव आणि मासा. हे वाचले तेव्हा आम्ही कोकणी माणसे खूशच झालो. इतके दिवस इराणी म्हणजे मटण-कबाब असे वाटत होते आणि इथे नव्या वर्षाचा शकुन मासे-भाताचा निघाला! आम्ही तो घरी करून पाहिला. बासमती तांदूळ मिठाच्या पाण्यात भिजवून अर्धकच्चा उकडावा आणि निथळावा. शेपू, कोथिंबीर, कांद्याची पात आणि ओल्या लसणाची पात भरपूर, म्हणजे खरोखर भरपूर, बारीक चिरून भाताच्या थरांत घालावी. तळाला तूप, वर कपडा गुंडाळलेले झाकण, आणि मंद आचेवर दम. तळाशी जी कुरकुरीत खरवड धरते, तिला इराणी ‘तहदीग’ म्हणतात आणि पाहुण्याला मानाने वाढतात. आपल्याकडे खरवडीवरून मुलांची भांडणे होतात, तेही मानाचेच म्हणायचे. मासा म्हणून आम्ही हळद-केशर लावून तळलेली सुरमई घेतली. अम्मींनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, “यात कोकम नाही, तिखट नाही, हे आजाऱ्याचे जेवण आहे.” दुसऱ्या घासाला काही बोलल्या नाहीत. तिसऱ्यांदा वाढून घेतले.

पेयांत ‘सिकंजबीन’. हे नाव आपल्या हकीमसाहेबांच्या दवाखान्यात ऐकलेले असते. सिरका आणि मध (किंवा साखर) एकत्र उकळून, पुदिना घालून पाक करतात आणि थंड पाण्यात मिसळून पितात. नवरोजच्या तेराव्या दिवशी इराणातली माणसे घरात थांबत नाहीत, ओढ्याकाठी, बागेत जातात आणि सलादची कोवळी पाने या पाकात बुडवून खातात. उत्तर हिंदुस्थानातली शिकंजी याच नावाची पोर. चैत्रात आपल्याकडे उन्हाचा जो चटका बसतो, त्यावर हा इलाज कैरीच्या पन्ह्याच्या जोडीला ठेवायला हरकत नाही.

शब्दांचे तर विचारूच नका. पुलाव, बिर्याणी, कबाब, शरबत, फालुदा ही नावे फार्सीच्या वाटेने आली हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु ईदच्या सकाळी आपण ज्याच्याशिवाय नमाजहून घरी परततच नाही, तो शिरखुर्मा? शीर म्हणजे दूध, खुर्मा म्हणजे खजूर. नाव अस्सल फार्सी. इराण्याच्या दुकानातला मस्काही फार्सी, मस्के म्हणजे ताजे लोणी. त्याला लावायचा पाव पोर्तुगीज आणि बन इंग्रज. शिवाजी महाराजांनी राज्यकारभारातल्या फार्सी शब्दांसाठी संस्कृत प्रतिशब्द सुचवणारा राजव्यवहारकोश करवून घेतला, ही मोठी गोष्ट. चुलीपाशी मात्र शिरा, बर्फी आणि हलवा तसेच राहिले. चुलीवरचे राज्य बायकांचे. तिथे कोश चालत नाही.

इराण्याचे नाव आले तेव्हा आता त्याच्या हॉटेलात शिरू.

मुंबई-पुण्यात इराणी हॉटेलवाला म्हटला की, तो पारशीच, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक हे लोक पारशांच्या मागून हजारेक वर्षांनी आले. एकोणिसाव्या शतकात यझद आणि केरमान या कोरड्या मुलखांत जरथुष्ट्री लोकांची अवस्था बिकट होती. मुंबईच्या पारशांनी १८५४ साली माणेकजी लिमजी हतारिया यांना तिकडे पाठवले. त्यांनी वर्षानुवर्षे दरबारात खेटे घातले, तेव्हा १८८२ साली नासिरुद्दीन शाहने या लोकांवरचा जिझिया उठवला. मुस्लिम राज्यात अल्पसंख्याकांवर काय बेतू शकते, हे आपण मुस्लिम वाचकांनी न लपवता वाचले पाहिजे. आपण इथे अल्पसंख्याक आहोत, म्हणून तर अधिकच. १८७०-७१ च्या सुमारास इराणात भयंकर दुष्काळ पडला. माणसे मिळेल त्या वाटेने हिंदुस्थानात आली. त्यात जरथुष्ट्री होते तसे यझदचे शिया मुसलमानही होते. मुंबईत इमामवाड्यातली मोगल मस्जिद १८६० साली हाजी मोहम्मद हुसेन शिराझी यांनी बांधली, निळ्या फरशीची ती देखणी इमारत या इराणी वस्तीची खूण आहे. पुण्याचे ‘गुडलक’ १९३५ साली हुसेन अली याक्षी या इराणी मुसलमानाने सुरू केले. म्हणजे एकाच मुलखातले, एकेकाळी एकमेकांपासून दुरावलेले दोन धर्मांचे लोक इथे येऊन एकाच धंद्यात पडले आणि २१ मार्चला दोघेही नवरोज मुबारक म्हणत राहिले.

चहाची एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. या लोकांनी मुंबईला चहा पाजला खरा, पण इराणात चहाची लागवड गेली ती हिंदुस्थानातून. काशिफुस्सल्तने नावाचे इराणचे एक वकील इथे होते. १९०० च्या सुमारास त्यांनी कांगड्याकडून चहाची रोपे नेऊन लाहिजान या गावी लावली. इंग्रज आपले गुपित देत नसत, म्हणून फ्रेंच व्यापाऱ्याचे सोंग घेऊन ते मळ्यात शिकले, असे सांगतात. तिकडे आजही त्यांना चहाचा जनक मानतात.

संगमरवरी पाट्यांची टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतीभर आरसे, गल्ल्यावर बसलेला गोरापान मालक, आणि ‘केस विंचरू नये’, ‘उगाच बसू नये’ अशा सूचनांची पाटी. हे वर्णन इतक्यांनी केले आहे की, आम्ही त्यात भर घालत नाही. आमच्या दादांनी सांगितलेली एक गोष्ट मात्र लिहितो.

दादा महाड तालुक्यातल्या एका खेड्यातून गोदीत काम करायला मुंबईला आले. गावच्या जमातीच्या खोलीत वीस-पंचवीस माणसे पाळीपाळीने झोपत. वाटेत एका हॉटेलात (नाव सांगून आता उपयोग नाही) त्यांनी दाढी-टोपीनिशी चहा मागितला. चहा मिळाला, पण बाहेर, फळीवर, कान तुटलेल्या कपात. आणि कप धुऊन ठेवायला सांगितले. त्या काळी रेल्वेच्या स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुस्लिम पाणी’ वेगवेगळे मिळे, तेव्हा हॉटेलवाल्याचे काय घेऊन बसलात! मुंबईत पोहोचल्यावर कुणीतरी दादांना इराण्याकडे नेले. एका टेबलाला गिरणीतला एक कामगार, एक गुजराती गुमास्ता आणि दादा. तिघांपुढे एकाच तऱ्हेचे कप. दादा म्हणायचे, “मी कपाकडे बघत होतो. वळवून वळवून बघितला. कान शाबूत होता.”

ही गोष्ट आम्ही लहानपणी फार अभिमानाने सांगायचो. पुढे वाचन वाढले तशी ती सांगताना जीभ अडखळू लागली. कारण महाड म्हटले की, २० मार्च १९२७ आठवतो. चवदार तळ्याचे पाणी जनावरे पीत, आम्ही मुसलमान भरत होतो, फक्त अस्पृश्यांना बंदी होती. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी प्राशन केले आणि नंतर परतणाऱ्या माणसांवर हल्ला झाला. काही मुसलमान घरांनी त्यांना आसरा दिला. डिसेंबरच्या परिषदेला मंडपासाठी जागा मिळेना, तेव्हा ती फत्तेखान यांनी दिली. ही नोंद आम्हाला अभिमानाची वाटते. परंतु दादींच्या घरी ओसरीच्या कोनाड्यात एक कपबशी वेगळी ठेवलेली असे. शेतावर येणाऱ्या गड्याची. त्या कपाचाही कान तुटलेला होता. दादांनी तो कप आयुष्यभर पाहिला. हॉटेलातल्या फळीवरचा कप त्यांना आठवत होता, घरातला दिसत नव्हता. आम्ही लहान असताना एकदा त्या कपाला हात लावला तर दादींनी ओरडून हात धुवायला लावले होते. मुलांना नवरोज कुणाचा हे सांगताना आम्ही हेही सांगितले. वर्गात थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरच्या त्याच मुलाने विचारले, “सर, तो कप आता कुठे आहे?” आम्हाला ठाऊक नव्हते.

ईद, पाडवा आणि नवरोज यांची याआधीची गाठ १९९३ च्या मार्चात पडली होती. २१ ला नवरोज, २४ ला पाडवा आणि त्याला लागूनच ईद. आम्ही तेव्हा चार वर्षांचेही नव्हतो. डिसेंबर-जानेवारीच्या दंगली होऊन गेल्या होत्या आणि १२ मार्चचे बॉम्बस्फोट होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. अम्मी सांगतात, त्या ईदला नवे कपडे शिवलेच नाहीत. अब्बा नमाजला गेले आणि परत येईपर्यंत त्या गॅलरीतून हलल्या नाहीत. दूध मिळाले, खजूर घरात होता, शिरखुर्मा झाला, पण तो वाटायला कोणत्या जिन्यावर जावे हे कळेना. कोपऱ्यावरच्या इराण्याने अर्धे शटर उघडे ठेवले होते. अब्बा तिथे गेले तर आत शेजारच्या चाळीतले एक मराठी गृहस्थ बसलेले. गिरणीत दोघे बरोबर होते. दंगलीनंतर बोलणे झाले नव्हते. मालकाने न विचारता दोघांपुढे चहा ठेवला आणि म्हणाला, “नवरोज गया, पाडवा गया, ईद भी जाएगी. पियो.” ते दोघे काय बोलले, हे अब्बांनी कधी सांगितले नाही. संध्याकाळी त्या घरून श्रीखंडाची वाटी आली आणि शिरखुर्म्याने भरून परत गेली, हे अम्मींना पक्के आठवते.

ते हॉटेल आता नाही. तिथे औषधांचे दुकान आहे. मालकाची मुले परदेशी गेली, जागेचे भाव वाढले, माणसांना दीड तास एका चहावर बसू देणे परवडेना. एकेकाळी मुंबईत अशी हॉटेले शेकड्यांनी होती, आता बोटांवर मोजावी लागतात.

तरी ज्यांना अशा सणाच्या शनिवार-रविवारी मुलाबाळांना घेऊन बाहेर पडायचे असेल, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. धोबीतलावजवळ ‘कयानी’ १९०४ चे, जवळच ‘ससानियन’ १९१३ चे. मावा केक, खारी आणि बन मस्का यांसाठी. फोर्टात ‘मिलिटरी’ १९३३ चे, खिमा पावासाठी नावाजलेले. बॅलार्ड इस्टेटमधले ‘ब्रिटानिया’ १९२३ चे. तिथला बेरी पुलाव म्हणजे इराणच्या ‘जेरेश्क पोलो’चा मुंबईकर भाऊ, वर लालचुटुक आंबट बेऱ्या. ते दुपारच्या जेवणाचे ठिकाण. तिथले बोमन कोहिनूर २०१९ साली वारले, नव्वदी ओलांडल्यावरही टेबलाटेबलावर जाऊन विचारपूस करीत. सोबत लाल रास्पबेरी सोडा घ्यावा. तो पालनजींचा, १८६५ पासूनचा. पुण्यात असाल तर डेक्कनवर गुडलक आहेच. सुट्टीच्या दिवशी ही ठिकाणे कधी उघडी, कधी बंद, म्हणून आधी चौकशी करून जावे. गोश्ताविषयी ज्यांना शंका असेल त्यांनी सरळ विचारावे, कुणी रागावत नाही. नाही तर ऑम्लेट-पाव आणि चहा आहेच.

घरी करायचे असेल तर आमचा बेत असा: पाडव्याला शेजारून येईल त्या श्रीखंड-पुरीला नाही म्हणू नये आणि कडुलिंब-गुळाची गोळीही तोंडात टाकावी. रात्री तहवीलच्या घटकेला सब्जी पोलो आणि मासा. एका काचेच्या वाडग्यात पाणी घालून त्यात गुलाब सोडावा. आपल्याकडचे शिया बांधव सांगतात की, वर्ष पालटते त्या क्षणी तो गुलाब आपोआप फिरतो. आमच्या मुलांनी तो फिरतो का, हे पाहण्यासाठी डोळ्यांत तेल घातले तरी चालेल, भात मात्र गार होऊ देऊ नये. ईदच्या सकाळी शिरखुर्मा, दुपारी बिर्याणी, आणि दुसऱ्या दिवशी पोटाला आराम म्हणून सिकंजबीन.

हाफिजसाहेबांना आम्ही या बेताचे आमंत्रण दिले. ते म्हणाले, “नवरोज का नहीं आऊँगा. मछली-भात का आऊँगा.” आम्ही म्हणालो, मंजूर.

अब्बांना मात्र त्यातले काही नको होते. त्यांना ब्रून मस्का हवा होता. एका रविवारी आम्ही त्यांना धोबीतलावला घेऊन गेलो. त्यांनी ब्रूनचा तुकडा चहात बुडवला, थोडा वेळ धरून ठेवला. आमच्या टेबलावर आणखी एक वृद्ध गृहस्थ जागा नसल्याने येऊन बसले. अब्बांनी आपली बशी थोडी सरकवून घेतली, साखरेची वाटी मध्ये केली आणि विचारले, “कुठल्या गिरणीत होतात?”